भीमाशंकरच्या घाटात लागलेली धाप

गेल्या डिसेंबरात आम्ही अठरा जण खांडसहून गणेश घाटाने भीमाशंकर चढलो. चळवळीचं तीन दिवसांचं शिबिर कर्जतजवळ होतं. शेवटच्या दिवशी डोंगर चढायचा आणि पलीकडून घोडेगाव, मंचरमार्गे एसटीने आपापल्या घरी जायचं, असं ठरलं होतं. जुन्नरचे सात, मंचरचे चार, बाकी पुण्याचे. शिडी घाटाच्या शिड्या आणि कातळ नवख्यांना झेपणार नाहीत, म्हणून लांबचा पण सोपा गणेश घाट घेतला. पन्नाशीला टेकलेला मी सगळ्यांच्या मागे राहणार हे गृहीत होतं. राहिलोही. पण एकटा राहिलो नाही.

माझ्यासोबत मागे राहिला तो आमच्यातला सगळ्यात धडधाकट दिसणारा मुलगा. वय २६. दोन वर्षं नेमाने जिमला जातो, दंड असे की टी-शर्टची बाही ताणलेली. पोरं त्याला पैलवान म्हणतात. निम्म्या घाटात तो एका दगडावर बसला तो उठेचना. डोकं ठणकतंय म्हणाला, डोळ्यांपुढे काजवे चमकतायत म्हणाला. आम्ही त्याला सावलीत घेतलं, पाणी दिलं. तेवढ्यात खालच्या वाडीतली एक बाई, माझ्याहून दहा वर्षांनी तरी मोठी, डोक्यावर बोचकं घेऊन शेजारून वर गेली. "बसा निवांत, घाट कुठं पळून जातोय," म्हणाली आणि वळणावर दिसेनाशी झाली.

कसाबसा माथा गाठला. वर जीप मिळाली आणि घोडेगावच्या वाटेवरच्या एका सरकारी आरोग्य केंद्रात त्याला नेलं. सिस्टरने रक्तदाब मोजला: १७६/११०. पंधरा मिनिटं पडून राहायला सांगून पुन्हा मोजला: १६८/१०८. बोटाला टोचून साखर पाहिली, ती २१२. मग तिने टेप काढून त्याच्या कमरेचा घेर घेतला, १०४ सेंटिमीटर. "याआधी कधी मोजलं होतंस?" तिने विचारलं. "जिममध्ये सगळं मोजतात," तो म्हणाला, "छाती, दंड, मांडी." "आणि कंबर?" तो गप्प.

त्या मुलाच्या परवानगीने हे लिहितो आहे. नाव मात्र नको म्हणाला. पुढे मंचरला तपासणी झाली तेव्हा तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, ७.९ निघाली. साडेसहाच्या वर गेलं की मधुमेह धरतात. परतीच्या जीपमध्ये त्याने सांगितलेली एक गोष्ट मला त्या आकड्यांपेक्षा जास्त लागली. त्याच्या अम्मीला दहा वर्षांपासून मधुमेह आहे. ती दर दोन महिन्यांनी डॉक्टरकडे जाते, डॉक्टर गोळ्या लिहून देतात आणि दर वेळी सांगतात, "वजन कमी करा." कसं करायचं ते दहा वर्षांत कुणी सांगितलं नाही. आणि हा रोज दीड तास जिममध्ये घालवतो, तिथला ट्रेनर त्याला किती अंडी खायची, कोणती पावडर घ्यायची ते सांगतो. घरात साखर कुणाला आहे का, हे दोन वर्षांत कुणी विचारलं नाही. एकाच घरातली दोन माणसं. एक फक्त दवाखान्यात जाते, दुसरा फक्त जिममध्ये. दोन्ही ठिकाणी पैसे जातात आणि दोन्हीकडे माणूस अर्धाच तपासला जातो.

या अंकाचं संपादकीय खरं तर वक्फच्या प्रश्नावर लिहायचं होतं. ते पुढच्या वेळी.

आरोग्य केंद्राच्या ओसरीवर त्या दिवशी पाच-सहा म्हातारी माणसं बसली होती. सडपातळ, रापलेली, आयुष्यभर डोंगर तुडवलेली. मला वाटलं, खोकला-सर्दीला आली असतील. निम्मी जणं रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आली होती. म्हणजे बारीक असणं हाही काही दाखला नाही. आपल्याकडे "हाडं दिसतात, याला कसली शुगर" असं म्हणायची पद्धत आहे. ती पद्धत मोडून काढणारं संशोधन जगाला पुणे जिल्ह्यानेच दिलं, हे आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत असतं.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा अभ्यास सुरू केला. गरोदर होण्याआधीपासून त्यांची उंची, वजन, आहार, काम यांच्या नोंदी ठेवल्या आणि मग जन्मलेल्या मुलांच्याही. इथल्या बाळांचं जन्माचं वजन सरासरी २.७ किलो भरलं. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. इथवर नवल काही नाही, आपली बाळं लहान असतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण मोजमाप बारकाईने केल्यावर दिसलं, की आपल्या बाळांचे स्नायू कमी होते, पोट-काळजासारखे अवयव लहान होते, आणि कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. बाळ बारीक, पण चरबीदार. याज्ञिकांनी यालाच 'थिन-फॅट' भारतीय म्हटलं.

२००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी एकच पानभर मजकूर छापला, सोबत दोघांचा शेजारी शेजारी उभा राहिलेला फोटो. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा: २२.३. अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. काटा दोघांना एकच सांगत होता आणि शरीरं वेगवेगळी होती. म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआयची मर्यादा खाली आणली गेली: २३ च्या पुढे जादा वजन, २५ च्या पुढे लठ्ठपणा. पाश्चात्त्यांसाठी हेच आकडे २५ आणि ३० आहेत. कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि बायकांत ८० सेंटिमीटरच्या आत हवा. आमच्या पैलवानाला काट्यावर उभं केलं असतं तर ट्रेनर म्हणाला असता, मसल आहे. काही अंशी ते खरंही होतं. पण मसल कमरेभोवती १०४ सेंटिमीटर साठत नाही.

म्हणून माझं पहिलं सांगणं, काट्यापेक्षा टेपवर जास्त विश्वास ठेवा. टेप शिंप्याकडे असते, घरात शिलाई मशीन असेल तर घरातही असते. बेंबीच्या पातळीला, श्वास सोडून, पोट आत न ओढता. पोट आत ओढायचा मोह मलाही होतो.

हा काही मुसलमानांचा वेगळा आजार नाही, हे आधीच स्पष्ट करतो, कारण आपल्याकडे कुठलाही विषय निघाला की "आपल्या समाजातच असं का" असा सूर लागतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातल्या २३.४ टक्के बायकांचं आणि २४.७ टक्के पुरुषांचं वजन जादा निघालं, तेही २५ ची मर्यादा धरून. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. आजार सगळ्यांचा आहे. पण उपायाची वाट प्रत्येक वस्तीतून वेगळी जाते, आणि आपल्या वस्त्यांतून ती कुठून जाते याचा विचार आपणच करायचा आहे.

दवाखाना आणि व्यायाम एकत्र बांधले की काय होतं, याचा पुरावा जुना आहे. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या तीन हजारांवर लोकांचे गट केले. एका गटाला मेटफॉर्मिनची गोळी. दुसऱ्याला गोळी नाही, पण वजन ७ टक्क्यांनी उतरवायचं, आठवड्याला १५० मिनिटं चालायचं, आणि हे साधण्यासाठी एक ठरलेला मार्गदर्शक, जो भेटणार, वजन घेणार, अडचण विचारणार. २००२ मध्ये निकाल आला. गोळीने मधुमेह होण्याचं प्रमाण ३१ टक्क्यांनी घटलं, दुसऱ्या गटात ५८ टक्क्यांनी. चेन्नईत डॉ. रामचंद्रन यांनी असाच प्रयोग भारतीयांवर केला; २००६ च्या निकालात इथली घट साडेअठ्ठावीस टक्के होती. कमी आहे, पण गोळीइतकीच आहे. आणि या प्रयोगांत नुसतं "वजन कमी करा" असं सांगून लोकांना घरी पाठवलेलं नव्हतं. कुणीतरी पुन्हा पुन्हा विचारणारं होतं.

महाराष्ट्रात हेच काम मोठ्या प्रमाणावर एका माणसाने घराघरात नेलं: डॉ. जगन्नाथ दीक्षित. "दीक्षित की दिवेकर" हा वाद २०१८-१९ च्या सुमारास तुमच्याही घरात झाला असेल. आमच्याकडे तो ईदच्या दस्तरखानावर झाला होता. दीक्षितांनी डॉ. श्रीकांत जिचकारांच्या व्याख्यानातून घेतलेली कल्पना अशी: दिवसातून दोनदाच, कडक भूक लागेल तेव्हा, ५५ मिनिटांच्या आत जेवा आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. हे ऐकून आमची एक खाला म्हणाली होती, "म्हणजे बारमाही रमजानच की." आहाराच्या बाजूबद्दल डॉक्टरांत आणि आहारतज्ज्ञांत मतभेद आहेत, आणि ते मी इथे सोडवू शकत नाही. मला महत्त्वाचा वाटतो तो वेगळाच भाग. सुरुवात करण्याआधी एचबीए१सी आणि उपाशीपोटीचं इन्सुलिन तपासा, तीन महिन्यांनी पुन्हा तपासा, आणि मग बोला, असं त्यांनी सांगितलं. चालणं आणि रक्ततपासणी एकाच कागदावर आणली. सर्वसामान्य मराठी माणूस स्वतःचा एचबीए१सी क्रिकेटच्या स्कोअरसारखा एकमेकांना सांगू लागला, ही लहान गोष्ट नाही. इन्सुलिन घेणाऱ्यांनी, गरोदर बायकांनी, किडनीचा आजार असणाऱ्यांनी मात्र व्हॉट्सअॅपवरचा सल्ला वाचून जेवण सोडू नये. त्यांचा रस्ता डॉक्टरच्या दारातूनच सुरू होतो.

दुसरं उदाहरण शेजारच्या हैदराबादचं, आणि ते आपल्या जास्त जवळचं. राजेंद्रनगरच्या वादी-ए-महमूद भागातल्या मस्जिद-ए-मुस्तफामध्ये २०२२ च्या सुरुवातीला बायकांसाठी व्यायामाचं आणि आरोग्याचं केंद्र सुरू झालं. हेल्पिंग हँड फाउंडेशन ही संस्था ते चालवते. मशिदीत दवाखाना चालवण्याचा अनुभव तिला आधीपासून होता. आजूबाजूच्या झोपडपट्टीतल्या बायकांसाठी तिथे व्यायामाची साधनं आहेत, शिकवणारी बाई आहे आणि आधी तपासणी करून घ्यायची सोय आहे. ही बातमी मी आमच्या गटात टाकली तेव्हा पहिली प्रतिक्रिया आली, "मशिदीत ट्रेडमिल?" दुसरी आली, "आपल्याकडे कमिटी ऐकणार नाही." पहिलीला उत्तर द्यायची गरज नाही. दुसरीला आहे. २०२० मध्ये करोनाच्या पहिल्या लाटेत पुण्याच्या आझम कॅम्पसमधल्या मशिदीची जागा विलगीकरणासाठी देण्यात आली. भिवंडीत मशिदीत ऑक्सिजनची सोय झाली. तेव्हाच्या कमिट्या आत्ताच्या कमिट्यांहून वेगळ्या नव्हत्या. समोर माणसं तडफडत होती म्हणून त्यांनी ऐकलं. साखर आणि रक्तदाबाने माणूस तडफडत नाही. दहा वर्षं गप्प राहतो आणि मग एके दिवशी अर्धांगवायू होतो किंवा डायलिसिसच्या खुर्चीत बसतो. घाई दिसत नाही, म्हणून कुणी धावत नाही.

बायकांचा प्रश्न मी वेगळा काढतो, कारण तो खरंच वेगळा आहे. त्याच पाहणीचे कमरेच्या घेराचे आकडे पाहा. देशभरात १२ टक्के पुरुषांच्या पोटावर जादा चरबी, बायकांमध्ये ४० टक्के. आपल्या मोहल्ल्यातल्या बाईने चालायचं म्हटलं तर कुठे? आमच्या पैलवानाच्या अम्मीला मी फोनवर हेच विचारलं. तिने मला नकाशा सांगावा तसं सांगितलं: घरासमोर गटार, पुढे गाड्यांची दुरुस्ती, मग चौकात पोरं उभी, मग हायवे. नगरपालिकेचं उद्यान गावाच्या दुसऱ्या टोकाला. "तिथं जाईपर्यंतच चालणं होतं," ती म्हणाली, "पण परत येईपर्यंत दहा जण विचारतात, कुठं गेली होती." सच्चर समितीचा २००६ चा अहवाल आणि आपल्या राज्याच्या महमूदुर रहमान समितीचा २०१३ चा अहवाल आपण सभांमध्ये नोकऱ्या आणि शिक्षणासाठी उद्धृत करतो. वस्तीत मोकळी जागा नसणं हाही त्याच उपेक्षेचा भाग आहे, हे आपण कधी म्हटलेलं मला आठवत नाही. वॉर्डाच्या मागण्यांच्या यादीत कब्रस्तानची भिंत असते, शादीखाना असतो. दिव्यांची सोय असलेला पाचशे मीटरचा चालायचा रस्ता नसतो. आणि प्रश्न अर्धा नगरपालिकेचा असला तरी "कुठं गेली होती" हा उरलेला अर्धा आपल्या घरातला आहे. तो नगरपालिका सोडवणार नाही. भाऊ सकाळी जिमला जाताना बहिणीला विचारत नाही, तू चालतेस का. संध्याकाळी मात्र विचारतो, तू कुठं होतीस.

आता रमजान. हा विषय मी टाळला असता तर तुम्हीच पत्रं पाठवली असती.

रमजानमध्ये वजन उतरायला हवं असं साधं गणित सांगतं. आपल्यापैकी अनेकांचं ते वाढतं, याचं कारण इफ्तारच्या ताटात पाहायला मिळेल: भजी, समोसे, लाल सरबत, खजूर, फळं आणि तासाभराने पुन्हा जेवण. हे सगळ्यांना माहीत आहे, पुढे जातो. गंभीर मुद्दा मधुमेह असलेल्यांचा. १३ मुस्लिमबहुल देशांतल्या १२ हजारांहून अधिक मधुमेहींचा एपिडायर नावाचा अभ्यास झाला होता. टाइप २ मधुमेह असलेल्यांपैकी जवळपास ७९ टक्के लोकांनी रोजे धरले होते. आणि रमजानमध्ये त्यांच्यात साखर धोकादायक खाली जाऊन रुग्णालयात जाण्याचे प्रसंग इतर महिन्यांच्या सुमारे साडेसातपट झाले. म्हणजे लोक रोजे धरणारच आहेत. डॉक्टरने नुसतं "धरू नका" म्हणून चालत नाही, कारण मग पेशंट डॉक्टरला न सांगता धरतो आणि गोळ्यांच्या वेळा स्वतःच बदलतो. माझ्या वडिलांनी तेच केलं होतं. सकाळची गोळी त्यांनी सहरीला घेतली, जेवण मात्र दोन घासांचं, आणि असरच्या वेळी ते ओळखू येईनात अशा अवस्थेत सापडले. साखर ४८. वाचले, कारण शेजारच्या मुलाला तोंडात साखर चोळायचं सुचलं. तेही खरं तर धोक्याचं, बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नये. पण त्या दिवशी ते शुद्धीच्या काठावर होते म्हणून निभावलं.

यावर आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना तयार आहेत, आणि त्या बनवताना धर्मपंडितांशीही चर्चा झालेली आहे. रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरकडे जा. कुणाला धोका कमी, कुणाला मध्यम, कुणाला जास्त, हे डॉक्टर ठरवतील. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या आणि इन्सुलिन यांचे डोस आणि वेळा बदलाव्या लागतात. रोज्यात बोटाला टोचून साखर पाहिल्याने रोजा तुटत नाही. साखर ७० च्या खाली गेली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडायचा, इफ्तारला दहा मिनिटं राहिली असली तरी. आजारी माणसाला सवलत कुरआननेच दिलेली आहे. ती घेणं म्हणजे ईमान कमी पडणं, असं समजणाऱ्या बुजुर्गांची समजूत इमामसाहेबांनी घातली तर ती डॉक्टरपेक्षा लवकर पटेल. शाबान महिन्यात एका जुम्म्याला पाच मिनिटं यावर बोलायची विनंती तुम्ही आपल्या मशिदीत करू शकता. दोन ठिकाणी आम्ही केली. एका ठिकाणी इमामसाहेब लगेच तयार झाले. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, लिहून द्या; लिहून दिलं, तर त्यांनी ते जसंच्या तसं वाचलं आणि शेवटी स्वतःची साखर किती आहे तेही सांगून टाकलं.

वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांबद्दल हल्ली रोज कुणीतरी विचारतं. २०२५ मध्ये मार्चला मौंजारो आणि जूनला वेगोवी भारतात आल्या. औषधं खरी आहेत, परिणाम खरा आहे. पण इंजेक्शन बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग परत येतो, असं वेगोवीच्याच चाचणीत दिसलं. आणि उतरणाऱ्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातात. ज्यांचे स्नायू जन्मापासूनच कमी, त्या आपल्यासारख्यांनी हे व्यायामाशिवाय घेणं म्हणजे एक हात बांधून पोहणं. लग्नाआधी दोन महिने मित्राच्या मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय इंजेक्शन घेणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलं आहे. फक्त विचारतो, दोन महिन्यांनंतर काय?

मग करायचं काय? मोठ्या योजना मला सुचत नाहीत, आणि सुचल्या तरी त्या चालवायला आपल्याकडे माणसं नाहीत. पण एक गोष्ट सरकारने आधीच करून ठेवली आहे आणि आपण ती वापरत नाही. तिशीच्या पुढच्या प्रत्येकासाठी आशाताई एक फॉर्म भरतात, सीबॅक म्हणतात त्याला. त्यात तंबाखू, दारू, घरातला मधुमेह, कमरेचा घेर आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम होतो का, असे सगळे प्रश्न एकत्र आहेत. गुण चारच्या वर गेले तर आधी तपासणीला या. गावाकडे आयुष्मान आरोग्य मंदिर, शहरात आपला दवाखाना, तिथे रक्तदाब आणि साखर फुकट तपासतात. आपल्या मोहल्ल्यात आशाताई आल्या तर दार अर्धं उघडून "सगळे ठीक आहेत" असं सांगून त्यांना परत पाठवतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. सीएए-एनआरसीच्या काळात कुठल्याही कागदाची भीती बसली, ती अजून पुरती गेलेली नाही, हे मी समजू शकतो. तिथे तरुणांचं काम आहे. आशाताईंच्या बरोबर फिरा, फॉर्म वाचून दाखवा, दार पूर्ण उघडायला लावा.

जिमवाल्यांशीही बोलायला हवं. जुन्नर-मंचरकडच्या ज्या जिममध्ये आपली पोरं जातात तिथले मालक बहुतेक आपल्या ओळखीचे असतात. नाव नोंदवताना फीबरोबर रक्तदाब आणि कंबर मोजायला पाच मिनिटं लागतात. रक्तदाब १८०/११० च्या आसपास असताना श्वास रोखून जड वजन उचललं तर तो त्या क्षणी आणखी किती वर जातो, हे ट्रेनरला कुणी सांगितलेलं नसतं. व्यायामाआधी घ्यायच्या पावडरीत कॅफिन किती असतं हेही नसतं. एका मालकाला आम्ही हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "गिऱ्हाईक घाबरून पळेल." आता त्याच्या काउंटरवर बीपीचं यंत्र आहे. पोरं एकमेकांचं बीपी मोजून हसतात. हसू देत.

पैलवान सध्या दोन गोळ्या घेतो, जिमला अजून जातो, पण मंचरच्या डॉक्टरांनी पहिले सहा आठवडे जड वजन बंद करून फक्त चालायला लावलं होतं. त्याने ते रडतकढत केलं. कंबर ९८ वर आली आहे. अम्मीही चालते, फज्रनंतर, घराच्या गच्चीवर, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, बावीस पावलं. शेजारच्या दोघी आता तिच्याबरोबर येतात. गच्चीला कठडा नव्हता, तो मागच्या महिन्यात पोरांनी वर्गणी काढून बांधून दिला.

पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही पुन्हा भीमाशंकरला निघतो आहोत. या वेळी घाट नाही. एसटीने वर जायचं, जंगलात चालायचं, जमलं तर शेकरू पाहायचा आणि ज्यांना झेपेल त्यांनी नागफणीपर्यंत चढायचं. निघण्याआधी मंचरला सगळ्यांचा रक्तदाब, साखर आणि कंबर मोजली जाईल, माझीही. बहिणींना आणि अम्मींना घेऊन या. त्यांच्यासाठी वेगळी सीट राखलेली आहे, हळू चालणारा वेगळा गटही आहे, आणि त्या गटाचा म्होरक्या मी आहे. गोळ्या चालू असतील तर त्या आणि डॉक्टरची चिठ्ठी बरोबर ठेवा. टेप मात्र आपापली आणा, मागच्या वेळी एकाच टेपवर अठरा जण होतो.